सतरा एकांचा आकडा

काशिनाथ म्हात्रे सर माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते एवढंच विचारायला, की बाई, तुम्ही पडताळा घेता का. मला शाळेत रुजू होऊन दोन दिवस झाले होते. लग्न करून मी पुण्याहून नवीन पनवेलला आले होते, बी.एड. ताजं होतं आणि पनवेल गावातल्या त्या शाळेत गणिताला आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, घेते की, वेळ असला तर. ते शांतपणे म्हणाले, वेळ नसला तर गणित घेऊ नये. उत्तर आलं म्हणजे गणित झालं असं नाही.

मला राग आला होता. पुढे आठ-नऊ वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर काढल्यावर कळलं, की ते मला टोमणा मारत नव्हते. त्यांना टोमणा मारताच येत नसे. एखादी गोष्ट खरी आहे की नाही, एवढंच त्यांना कळायला हवं असायचं.

सर विचुंब्याचे. घरची भातशेती, आधीच्या पिढीत शाळेत गेलेलं कुणी नाही. त्यांनी बी.एस्सी. केलं आणि गावाने त्यांना मास्तर म्हणायला सुरुवात केली, घरात बायकोनेसुद्धा. रोज सायकलवरून यायचे. पांढरा शर्ट, उजव्या बाहीला खडूची भुकटी, डब्यात तांदळाची भाकरी आणि बहुतेक वेळा सुकट. शिक्षक-खोलीत सुकटीच्या वासावरून एक-दोघं नाक मुरडायचे. सर डबा घेऊन खिडकीशी जाऊन बसत आणि जेवताना समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एस्टीच्या नंबराचे अवयव पाडत. हे ते मनातल्या मनात करत, पण ओठ हलायचे.

'साधारण' हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. सहलीला किती मुलं होती, असं मुख्याध्यापकांनी विचारलं तर बाकीचे चाळीसेक म्हणत. सर म्हणत, एक्केचाळीस निघाली होती, एक रडत फाटकातून परत गेलं, म्हणजे चाळीस. फळ्यावर चूक झाली तर ते ती पुसत नसत. तिच्याभोवती गोल काढत, शेजारी बरोबर लिहीत आणि तो गोल तास संपेपर्यंत तसाच ठेवत. चूक पुसली की ती कुठे झाली ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलांवर ते कधी हात उगारत नसत, ओरडतही नसत. चुकलेल्या मुलाच्या बाकाशी जाऊन उभे राहत आणि ते मूल स्वतः चूक शोधेपर्यंत तिथेच थांबत. एखाद्या मुलाला यापेक्षा छडी बरी वाटली असती.

त्यांचा तास कसा चालतो ते बघायला मी पहिल्या वर्षी मागच्या बाकावर जाऊन बसायची. तिथेच त्या आकड्याचा जन्म मी पाहिला.

नववीला ते मूळ संख्या शिकवत होते. फळ्यावर त्यांनी नुसते एक लिहायला घेतले. अकरा, म्हणजे दोन एक. ही मूळ संख्या, हिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कुणीच भागत नाही. तीन एक, एकशे अकरा: तीन गुणिले सदतीस. पाच एक: एक्केचाळीस गुणिले दोनशे एक्काहत्तर. सात एक: दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. मुलं वहीत गुणाकार करून बघत होती आणि खरंच एकाला एक लागून ओळ येत होती, तेव्हा वर्गात हसू फुटत होतं. सरांनी अकरा एकांचे अवयव सांगितले, तेरा एकांचेही. तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, सतरा एक?"

सर थांबले. खडू हातात धरून फळ्याकडे बघत राहिले. मग वळून म्हणाले, माहीत नाही. आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता. त्यांनी फळ्यावर सतरा एक लिहिले आणि एकं, दहं, शतं करत मुलांकडून ते वाचून घेतले. डावीकडचा शेवटचा एक 'मध्य' या स्थानावर आला. परार्ध एका घराने राहिलं, असं ते म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांनी दोनशे पानी लांब वही आणली.

पुढचं त्यांनी मला समजावलं ते असं. सात एकांच्या दोन्ही अवयवांना चौदाने भागलं तर बाकी एक उरते. अकरा एकांच्या अवयवांना बावीसने भागलं तरी एक. तेरा एकांच्या अवयवांना सव्वीसने, तरी एकच. म्हणजे सतरा एकांना कुणी मूळ संख्या भागत असलीच, तर तिला चौतीसने भागून एक उरलाच पाहिजे. हा नियम त्यांनी आधी स्वतः ताडला आणि मग एका जुन्या पुस्तकात तो सापडल्यावर दोन दिवस फार खुशीत होते. म्हणून त्यांना सगळे भाजक तपासायचे नव्हते. चौतीसच्या पाढ्यात एक मिळवत जायचं. पस्तीस, एकोणसत्तर, एकशे तीन, एकशे सदतीस. त्यातले तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांनी जाणारे गाळायचे. उरलेल्या प्रत्येकाने त्या सतरा एकांना हाताने भागायचं. रोज सकाळी शाळेआधी आठ भागाकार. रविवारीही आठ.

प्रत्येक भागाकाराखाली नवाची कसोटी. आकड्यातले अंक मिळवत मिळवत एका अंकावर आणायचे. सतरा एक म्हणजे सतरा, एक आणि सात आठ. तेव्हा भाजकाचा अंक गुणिले भागाकाराचा अंक, त्यात बाकीचा अंक मिळवला, की आठच यायला हवेत. आले, की सर लाल पेनने आठ लिहून त्याभोवती गोल काढायचे. वही संपली की शेवटच्या पानावर लिहायचे, 'येथपर्यंत विभाजक नाही', आणि खाली पूर्ण सही.

मी एकदा विचारलं, हे संपणार कधी. त्यांनी ते आधीच काढून ठेवलं होतं. आकडा मूळ आहे असं सिद्ध करायचं तर साडेदहा कोटींच्या पलीकडेपर्यंत भाजक तपासायला हवेत. रोज आठ या हिशेबाने चारशे वर्षांहून जास्त लागतील.

"मग कशाला, सर?"

"अवयव असला तर आधीही सापडेल. नसला, तर निदान इथपर्यंत नाही एवढं तरी खरं होईल."

जगात कुणाला तरी हे आधीच ठाऊक असेल, असंही मी म्हणाले. असेल, म्हणाले, मला ठाऊक नाही ना.

शिक्षक-खोलीत त्याची थट्टा व्हायची. आज किती भागले, असं लोक विचारत आणि सर खराच आकडा सांगत. मी मात्र थट्टा करायचं लवकरच सोडलं. आपल्या प्रत्येकाचं सगळं अंदाजपंचे चाललेलं असतं, आणि या माणसाकडे एक वाक्य होतं जे रोज आठ पावलं पुढे सरकत होतं आणि पूर्णपणे खरं होतं. मला त्याचा थोडा हेवाही वाटायचा.

सात वर्षं अशी गेली. विचुंब्याच्या शेतांमध्ये इमारती उभ्या राहिल्या, सरांचा मुलगा न्हावा-शेव्याच्या बंदरात नोकरीला लागला, मला मुलगी झाली. वह्या पंचविसावर गेल्या.

पहिली चूक मी पाहिली ती दहावीच्या वर्गाबाहेरून जाताना. सर वर्गसमीकरण सोडवत होते. चिन्ह चुकलं होतं, उत्तर येत नव्हतं. त्यात काही विशेष नव्हतं, चूक कुणाचीही होते. पण सर शोधत नव्हते. ते फळ्याकडे तोंड करून उभे होते, वर्ग चिडीचूप होता, आणि मुलं एकमेकांकडे बघत होती. मग त्यांनी डस्टर घेतलं आणि सगळा फळा पुसून टाकला.

नंतर एका दिवशी ते तोच तास घ्यायला दोनदा आठवी अ मध्ये गेले. एकदा सायकल शाळेत ठेवून चालत घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी सायकल चोरीला गेली म्हणून सांगू लागले. लोक म्हणाले, वय झालं. पंचावन्न हे काही वय नव्हे. मी काहीच म्हणाले नाही. पण वार्षिक परीक्षेच्या गुणांचे तक्ते सर करायचे, ते मुख्याध्यापकांकडे जाण्याआधी मी काढून घेतले आणि पुन्हा बेरजा केल्या. अकरा चुका निघाल्या. मी त्या गुपचूप दुरुस्त केल्या, त्यांच्या अक्षरासारखं अक्षर काढून. मला वाटलं, मी त्यांना सांभाळते आहे.

पुढच्या वर्षी निकालाच्या दिवसांत माझी मुलगी गोवराने आजारी पडली आणि मी दहा दिवस रजेवर होते. तक्ते तसेच गेले.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा नववीतली मालती आली नाही. ती कोळीवाड्यातली, शांत, गणितात बरी. चौकशी केली तर कळलं, की गणितात नापास झाली म्हणून वडिलांनी शाळा सोडवली आणि उरणला आत्याकडे पाठवली, मासळीच्या कामाला. मला खरं वाटेना. कपाटातून उत्तरपत्रिका काढल्या. दोन पेपर मिळून दीडशेपैकी एकसष्ट गुण होते, पास व्हायला त्रेपन्न पुरत. तक्त्यावर एक्केचाळीस लिहिले होते.

मी तो तक्ता घेऊन सरांकडे गेले. दुसरा मार्ग नव्हता. त्यांनी दोन्ही पेपरांचे गुण बोटाने मोजले, एकदा, दोनदा. मग म्हणाले, ही बेरीज माझी आहे. मग त्यांनी विचारलं, की गेल्या वर्षीही चुका होत्या का. मी खोटं बोलू शकले असते. त्यांच्यापुढे जमलं नाही.

"किती होत्या?"

"अकरा."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, सर."

त्यांनी तक्त्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं. "आणि हिला?"

एवढंच. आवाज चढला नव्हता. मी आजवर खाल्लेल्या बोलण्यांत यापेक्षा मोठं बोलणं मला आठवत नाही.

त्याच दिवशी त्यांनी मुख्याध्यापकांना लेखी दिलं, की परीक्षेचं काम आपल्याकडून काढून घ्यावं आणि गेल्या दोन वर्षांचे सगळे तक्ते पुन्हा तपासावेत. आणखी एका मुलाचे सहा गुण वाढले, बाकी काही निघालं नाही. शाळा सुटल्यावर आम्ही दोघं कोळीवाड्यात गेलो. शाळेकडून पत्र जाईल, तुम्ही जायची गरज नाही, असं मुख्याध्यापक म्हणाले होते. सरांनी ते न ऐकल्यासारखं केलं.

मालतीचे वडील दारात जाळं दुरुस्त करत बसले होते. सर उभेच राहिले. त्यांनी सांगितलं, की तुमची मुलगी पास आहे, चूक माझी आहे, माझी बेरीज चुकली. त्यांनी हात जोडले. त्या माणसाला काय करावं कळेना. मास्तर दारात हात जोडून उभा, हे त्याने कधी पाहिलं नसणार. आधी तो चिडला. पोरगी रडून रडून गेली, म्हणाला, दोन दिवस जेवली नाय. सर ऐकत राहिले. त्याचं बोलून झाल्यावर त्याने जाळं बाजूला ठेवलं, आतून पाणी मागवलं आणि म्हणाला, "आमचं कोणी चुकवलं तर सांगाय कोण येतंय? तुमी आले. आनतो तिला."

मालती पंधरा दिवसांनी वर्गात आली. पुढे बारावी झाली, नर्स झाली, हे मला नंतर कळलं. सरांना कळलं की नाही, माहीत नाही.

परतताना सर सायकल हातात धरून माझ्याबरोबर एस्टी स्टँडपर्यंत चालत आले. त्यांनी विचारलं, हे कशाने होत असेल. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू या. त्यांनी मान डोलावली. मुलाने त्यांना मुंबईला नेलं. तपासण्या झाल्या. मेंदू आकसत चालला आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्यावर औषध नाही, हळूहळू वाढत जाईल. दिवाळीआधी त्यांनी राजीनामा दिला. निरोप समारंभात नारळ आणि शाल घेऊन खाली बसले.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी त्यांच्या पत्नी माझ्या घरी आल्या. हिरावहिनी पूर्वी कधीच नवीन पनवेलला माझ्याकडे आल्या नव्हत्या. बरोबर पुतण्या होता आणि रिक्षात दोन गोण्या होत्या. गोण्यांत तीस वह्या. पुतण्याने त्या जिन्यावरून वर आणून ठेवल्या आणि तो खाली रिक्षाशी जाऊन थांबला.

वहिनी खुर्चीच्या कडेवर बसल्या. सांगू लागल्या, की मास्तर अजून रोज सकाळी बसतात, पण आता आठला दुपार होते, मग जेवत नाहीत. कधी पान फाडतात. मधेच विचारतात, मी कुठपर्यंत आलो. "आमाला काय कलतंय त्यातलं? तुमीच बगा, बाई. बरोबर हाय का नाय, तेवडं सांगा. बरोबर असंल तर बसू दे त्यांना. नसंल तर..."

त्या गेल्यावर मी शेवटच्या वहीपासून मागे तपासायला घेतलं. पुन्हा भागायची गरज नव्हती, नवाची कसोटी पुरे होती. तिसाव्या वहीचं पहिलंच पान. भाजकाचा अंक, भागाकाराचा अंक, बाकी. गुणाकार, बेरीज. पाच आले. सरांनी खाली लाल पेनने आठ लिहिला होता, भोवती गोल होता. मला वाटलं, माझंच चुकलं. पुन्हा केलं. पाचच.

तिनांतला एक भागाकार असा होता. एकोणतिसाव्या वहीत जरा कमी, अठ्ठाविसाव्यात आणखी कमी. सव्विसाव्या वहीत विसांत एखादा. पंचविसावी वही स्वच्छ होती, तिच्या आधीच्या मी मधून मधून पाहिल्या, त्याही स्वच्छ. पण लाल आठ सगळीकडे होता. न चुकता, सारख्याच मापाचा, सारखाच गोल. कसोटी घेणं केव्हातरी थांबलं होतं आणि हात आठ लिहीत राहिला होता. भाऊबीजेच्या दिवशी मी ती वही मिटली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच ओटा पुसत बसले.

चुकलेले भागाकार शेकड्यांनी होते. तेवढे पुन्हा करणं माझ्याने होणार नव्हतं. आमच्या सेक्टरमध्ये एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता आणि तिथे शिकवणारी मुलगी आमच्याच शाळेची, सरांच्या हाताखालची. तिला मी काय हवं ते सांगितलं. तिने दहा-बारा ओळी लिहिल्या, चौतीस चौतीसने पुढे जायचं आणि बाकी शून्य आली की थांबायचं. मला चहा दिला. चहा अर्धाही झाला नव्हता, तोच पडद्यावरचे आकडे थांबले.

२०७१७२३.

वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. ती मुलगी हसत म्हणाली, मिळाला, बाई. मी उठून घरी आले आणि तिसावी वही उघडली. चौथ्या पानावर, उजवीकडे, खाली. सर तिथपर्यंत पोचले होते. त्यांनी भागलं होतं. भागाकार अगदी बरोबर होता, ५३६३२२२३५७. बाकी लिहिली होती शंभर. खाली लाल आठ. आणि सर पुढच्या भाजकाकडे गेले होते.

आठ वर्षं ज्याच्या मागे होते त्याच्यावर हात ठेवून ते पुढे निघून गेले होते.

सांगावं की नाही, यावर मी चार दिवस काढले. नवरा म्हणाला, कशाला सांगतेस, त्यांना आता काय फरक पडतो. वह्या बरोबर आहेत एवढं सांग, त्या बाईला बरं वाटेल. ते सोपं होतं. पण त्यांना वाईट वाटेल म्हणून मी एकदा गप्प बसले होते, आणि त्याचं काय झालं ते मला माहीत होतं.

रविवारी सकाळी मी विचुंब्याला गेले. सकाळी त्यांचं डोकं त्यातल्या त्यात ठीक असतं, असं वहिनी म्हणाल्या होत्या. सर ओटीवर बसले होते, दाढी केलेली, शर्ट चुकीच्या बटणांनी लावलेला. मला ओळखलं. या बाई, म्हणाले. मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि त्या भागाकारावर बोट ठेवलं.

"पडताळा घ्या, सर."

"घेतलाय. आठ आहे."

"पुन्हा घ्या."

त्यांनी भाजकाचे अंक मिळवले. बावीस, म्हणजे चार. भागाकाराचे अडतीस, म्हणजे अकरा, म्हणजे दोन. चार दुणे आठ. बाकी शंभर, म्हणजे एक. ते थांबले. "नऊ," म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तीन वेळा केलं. मग त्यांचं बोट भागाकाराच्या पायऱ्यांवरून वर गेलं आणि एकेक पायरी खाली उतरू लागलं. मध्ये दोनदा हरवलं, पुन्हा वर गेलं. त्यांच्या वर्गात ते मुलांच्या बाकाशी उभे राहत तशी मी बसून राहिले, आणि मला त्याची शरम वाटत होती. पाऊण तास गेला असेल. शेवटून दुसऱ्या वजाबाकीवर बोट थांबलं.

"इथे हातचा सोडलाय," ते म्हणाले. "दशकातला एक. पुढच्या पायरीत त्याचे शंभर झाले." त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं, चुकीच्या अंकाभोवती गोल काढला, शेजारी शून्य लिहिलं, खालची वजाबाकी पुन्हा केली. सगळे अंक एकमेकांत गेले. काही उरलं नाही.

हिरावहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, काय झालं.

"गवला," सर म्हणाले.

"मंग आता रोज बसाय नको ना?"

सरांच्या चेहऱ्यावर आनंद आला होता, मी पाहिला, तो वर्गात पाहिला होता तसलाच. पण तो टिकला नाही. त्यांनी मागचं पान उलटलं, तिथल्या लाल आठाकडे पाहिलं, मग आणखी मागचं. मला विचारलं, हे कुठपासून. मी सांगितलं, सव्विसाव्या वहीपासून. तुम्हाला कसं सापडलं, हेही विचारलं. यंत्राने काढलं, दोन मिनिटं लागली असतील, मी म्हटलं. त्यांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. ते म्हणाले, त्याला विसरायला होत नसणार.

मग त्यांनी मला सव्वीस ते एकोणतीस या चार वह्या द्यायला सांगितल्या. मी बरोबर आणल्या होत्या. प्रत्येकीचं शेवटचं पान त्यांनी उघडलं, 'येथपर्यंत विभाजक नाही' या वाक्याखालची आपली सही पाहिली आणि तिच्यावरून एक सरळ रेघ मारली. वाक्यावर नाही, फक्त सहीवर. चार वेळा. मी म्हटलं, सर, वाक्य तर खरंच आहे, यंत्रानेही तेच सांगितलं, याच्या आधी एकही अवयव नाही. ते म्हणाले, असेल. मी ते पाहिलेलं नाही.

नंतर ते बसले नाहीत वहीला. वहिनी म्हणायच्या, सकाळी वही लिहायच्या पाटाशी जातात, उभे राहतात, परत येतात. मी केलं ते बरं केलं की वाईट, हे मी त्यांना विचारलं नाही. स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.

मी अधूनमधून जात राहिले. दर वेळी थोडं थोडं कमी होत होतं. आधी माझं नाव गेलं, मग शाळा गेली. पण पाहुण्यांशी कसं वागायचं ते गेलं नव्हतं. मी शेवटची गेले त्या संध्याकाळी ते ओटीवर बसून वहिनींबरोबर वालाच्या शेंगा सोलत होते, दाणे एका बाजूला, टरफलं एका बाजूला. मला त्यांनी बसा म्हटलं, कुठून आलात असं विचारलं. मी नवीन पनवेल म्हटल्यावर लांब आहे म्हणाले. चहा झाला. मी निघाले तशी ते उठले, पायात चपला घातल्या आणि मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. हवा थंड होती. इमारतींच्या मधून आम्ही चाललो. रिक्षा थांबायची तिथे आल्यावर मी नमस्कार केला. त्यांनीही केला, आणि तिथेच उभे राहिले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुठून आलो ते त्यांना कळत नव्हतं, आणि ते मला विचारायला त्यांना संकोच वाटत होता.

मी म्हटलं, चला, मला तिकडेच जायचंय. आम्ही परत घरी आलो. वहिनी ओटीवर सूप हातात घेऊन उभ्या होत्या. सर दारापाशी पोचले, मागे वळले, मला पाहिलं आणि अगदी नीट, आदबीने म्हणाले, "चला बाई, तुम्हाला रस्त्यापर्यंत सोडतो."

मी बरं म्हटलं. आम्ही पुन्हा निघालो. वहिनींनी सूप खाली ठेवलं आणि पदर खोचून त्या आमच्या मागून चालू लागल्या.